छातीचं मलम

ट्यूब आत्तींच्या हातात होती आणि मी धुण्याचे ओले हात घेऊन दारात उभी होते.

"काय गं हे?" त्यांनी विचारलं.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्या तासगावच्या बाजूला सासूला आत्ती म्हणायची पद्धत आहे. पौषातलं ऊन चांगलं पडलं होतं म्हणून त्यांनी वाकळा वाळत टाकायला काढल्या, आणि माझी गादी उचलल्यावर खालची माझी चोरी वर आली. मलमाची ट्यूब, तिचा खोका आणि घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद. तीन आठवडे मी ते तिथं जपून ठेवलं होतं, जसं काही कुणाचा दागिनाच पळवून आणला होता.

माझी नणंद सुवर्णा तेव्हा बारावी सायन्सला होती. घरात इंग्रजी वाचणारी तीच एक. तिनं खोका हातात घेतला, औषधाचं नाव वाचलं आणि एकदम माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "वहिनी, हे हार्टच्या पेशंटला देतात ते औषध आहे. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांना देतात, जिभेखाली ठेवायला. तुला छातीचं काही आहे?"

ती कागदाची घडी उलगडायला लागली तशी मी पुढं होऊन कागद काढून घेतला. ओट्यावर आमचे हे दाढी करत बसले होते, त्यांचा हात थांबला. आत्ती माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी हो म्हणाले.

एवढाच माझा गुन्हा. एका अक्षराचा. माणसं याहून मोठाली खोटं बोलतात आणि सुखानं जेवतात.

खरं काय होतं ते आता मी सरळ सांगते, तेव्हा मात्र मला त्याला शब्दच सापडत नव्हता. माझ्या लेकराच्या, तेजूच्या वेळच्या बाळंतपणानंतर मला शौचाच्या जागी चीर पडली होती. दीड वर्ष झालं तरी ती भरत नव्हती. सकाळी संडासला जायचं मी होईल तेवढं लांबवायची. काचेनं चिरल्यासारखं व्हायचं, रक्त पडायचं, आणि नंतर दोन-दोन तास ठणका. तशीच मी शेडमध्ये जाऊन बसायची. आमची बेदाण्याची शेड. जानेवारीत डागडुजी, मग द्राक्षं आली की वाळवण, गंधकाची धुरी, आणि पुढं वीस-पंचवीस बायका ओळीनं मांडी घालून बेदाणा निवडायला बसलेल्या. मालकाची सून म्हणून मी त्या ओळीच्या तोंडाशी. सारखी या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची, आणि आत्ती सगळ्यांदेखत म्हणायच्या, हिला काय मुंग्या चावत्यात काय. संडासात वेळ लागला की दाराबाहेरून, आत झोपलीस काय गं. मी भाकरी कमी खायला लागले, म्हणजे जायलाच लागणार नाही. त्यानं दुखणं आणखीच वाढलं. शहाणपण माझं, दुसरं काय.

शेवटी ह्यांना म्हटलं, सांगलीला बायकांच्या डॉक्टरकडं जायचंय. बायकांचं म्हटलं की आमचे हे पुढं विचारत नाहीत. दवाखान्याच्या दाराशी सोडलं आणि स्वतः पानपट्टीवर जाऊन उभे राहिले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव अष्टेकर. त्यांनी तपासलं आणि आधी त्यांच्या मोठ्या सर्जनांना दाखवलं. सर्जन म्हणाले, छोटं ऑपरेशन आहे, आतला कड्यासारखा स्नायू थोडा कापायचा, एक दिवस राहायचं. ऑपरेशननं बहुतेक जण बरे होतात, पण थोड्यांना पुढं वारा आवरत नाही, क्वचित आणखी काही. मी ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यापुढं शेड आली, पंचवीस बायकांची ओळ आली. शिवाय ऑपरेशन म्हणजे घरी सांगणं आलं. आत्ती उशाशी येऊन बसणार, भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारणार कशाचं केलं, आणि आत्ती सांगणार. मी तिथंच रडायला लागले.

अष्टेकर मॅडमनी मला बाजूला नेलं. म्हणाल्या, लगेच कापायलाच पाहिजे असं नाही, औषधं आहेत. मूठ गच्च आवळली की बोटं पांढरी पडतात ना, तसा तो स्नायू आवळून बसलाय, जखमेला रक्तच पोचत नाही, मग ती भरणार कशी? हे मलम स्नायू सैल सोडतं. हरभऱ्याएवढं घ्यायचं, दिवसातनं दोनदा, दोन महिने. डोकं दुखेल, त्याला भिऊन सोडायचं नाही. फारच दुखलं तर दुसऱ्या औषधाचं मलम आहे, ते नाही लागू पडलं तर तिथं द्यायचं इंजेक्शन आहे, आणि त्यानंही नाही झालं तर मग ऑपरेशन आहेच. मलमावर साधारण निम्मी माणसं बरी होतात, म्हणाल्या, आणि तू त्या निम्म्यात आहेस असं धरून चाल. बरोबर इसबगोल, भरपूर पाणी, आणि टबात कोमट पाणी घेऊन बसायचं. वर हेही सांगितलं की हे औषध मुळात हृदयरोगाचं, तेव्हा कागद वाचून घाबरू नकोस.

कागद वाचायची वेळच आली नाही, सुवर्णानं खोक्यावरचं नावच वाचलं.

माझ्या त्या हो म्हणण्यानंतर घर बदललं. खोटं वाटेल, पण ज्या बाईनं पाच वर्षांत मला कधी नावानं धड हाक मारली नव्हती, तिनं त्या संध्याकाळी माझ्या हातातली कळशी काढून घेतली. म्हणाल्या, "एवढं काळजाचं दुखनं घिऊन तू क्रेटं उचलत हुतीस व्हय? सांगायचं न्हाईस?" मलमानं माझं डोकं ठणकायचं, तर त्या खोबरेल घेऊन उशाशी बसायच्या आणि चेपत राहायच्या. रात्री दुधात चमचाभर तूप घालून हातात द्यायच्या. शेडमध्ये माझ्या खाली दुहेरी वाकळ घातली आणि बायकांना दम दिला, हिला कुणी काम सांगायचं नाही, हिचं काळीज नाजूक आहे. ट्यूब त्यांनी गादीखालून काढून देवळीत ठेवली, भंडाऱ्याच्या डबीशेजारी. मी मोरीचं दार लावून ती वापरायची आणि परत देवाजवळ ठेवायची. तेव्हा मला हसू यायचं. मोरीत तोंडात पदर कोंबून मी हसलेलीसुद्धा आहे.

शिमग्यापर्यंत माझी जखम भरली. एके सकाळी संडासहून आले आणि लक्षात आलं की आज दुखलंच नाही. मी चुलीपुढं बसून रडले. आत्तींना वाटलं छातीत दुखतंय.

त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. अगदी सगळं नको, एवढं तरी, की आता औषध थांबलं, मी बरी झाले. पण लाज होतीच, आणि लाजेहून मोठी एक गोष्ट होती, ती मी कबूल करते. मला त्या तुपाच्या दुधाची सवय झाली होती. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. कुणी डोकं चेपत बसलेलं मला आठवतच नव्हतं. मी बरी झाले म्हटल्यावर आत्ती पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या तर? म्हणून मी गप्प राहिले. ट्यूब संपत आली तेव्हा त्यांनीच रिकामा खोका ह्यांच्या हातात देऊन तासगावहून नवी मागवली. सुनेचं औषध खंडायला नको, म्हणाल्या. नवी ट्यूब न फोडता देवळीतच राहिली.

चैत्र संपत आला होता. त्या दिवशी बेदाण्याचे सौदे होते, म्हणून हे टेम्पोबरोबर तासगावला गेले होते. सुवर्णा परीक्षा संपवून मामाकडं गेली होती. शेडमध्ये निवडणाऱ्या बायका, वजनकाट्यावर सोपान म्हणून एक बाप्या, आणि आम्ही दोघी. जेवणं उरकून एकच्या सुमाराला आत्ती धुरीच्या खोलीकडं गेल्या आणि लगेच परत आल्या. अंगणातल्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर घाम.

मी धरून आत आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. छातीवर हात ठेवून म्हणाल्या गंधकाचा धूर कोंडलाय, मग म्हणाल्या डाव्या हाताला बी कळ मारतीया. आणि मग माझ्याकडं बघून जरा हसल्या. "निर्मले, मला बी तुझंच झालंय बघ."

मी म्हटलं स्टँडवरनं वडापची जीप बोलावते, सांगलीला जाऊया. त्यांनी माझा हात धरून ठेवला. जीप कशाला, पोरगा सौद्यात आहे, त्याला घोर नको. तुला दोन महिन्यांत गुण आला, मला तासात येईल. ते मलम आण.

मी हलले नाही. एव्हाना शेडमधल्या सात-आठ बायका दारात गोळा झाल्या होत्या. मागं सोपान टोपी हातात घेऊन उभा होता. शेवंताबाई म्हणून आमच्याकडची जुनी निवडणारी, तिनं देवळीतली नवी ट्यूब काढून माझ्या हातात दिली.

मी म्हणाले, "आत्ती, हे मलम याचं नाही."

"मग कशाचं?"

रागानं नाही विचारलं. साधंच विचारलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, चार शब्दांचं. मी सोपानकडं बघितलं, त्या बायकांकडं बघितलं. उद्या ओळीत बसल्यावर त्यांची आपसात कुजबुज कशी चालेल ते मला तिथं उभं राहून ऐकू आलं. सुनेनं तसलं मलम देवाजवळ ठेवलं, आणि सासूनं तीन महिने तिच्या डोक्याला तेल लावलं.

मी म्हणाले, "म्हणजे, डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये."

"तुला चाललं, मला काय वंगाळ हुनार हाय? लाव."

मी लावलं. माझ्या या हातानं. ट्यूबचं झाकण फोडलं, हरभऱ्याएवढं घेतलं, त्या म्हणाल्या हात आखडू नकोस, म्हणून आणखी घेतलं. त्यांच्या छातीवर गोल गोल चोळलं. त्या डोळे मिटून म्हणाल्या, हलकं वाटतंय. बायकांना म्हणाल्या, जावा, कामाला लागा. बायका गेल्या. शेवंता जाताना म्हणाली, देवासारखं औषध आहे बघ.

मग मी वारा घालत बसले. सव्वाएक ते साडेतीन. त्या सव्वादोन तासांत माझ्या मनात काय चाललं होतं ते मी लपवणार नाही. मी माझीच समजूत घालत होते. हार्टचंच औषध आहे ना मुळात, मॅडम म्हणाल्या होत्या की. लागू पडेलही. धूरच कोंडला असेल. आता त्या झोपल्यात, झोप लागली म्हणजे दुखत नसणार. मधेच त्या म्हणाल्या डोकं दुखतंय, तर मी म्हटलं, त्यानं दुखतंच आत्ती, म्हणजे औषध लागलं. असं मी म्हटलं. दोनदा उठून दारापर्यंत गेले, स्टँड पाच मिनिटांवर होता, आणि दोनदा परत येऊन बसले.

साडेतीनला त्यांना उलटी झाली आणि ओठ काळे पडले. तेव्हा मी अनवाणी धावले.

सांगलीला दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं? मी खरं सांगितलं, एक वाजता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. म्हणाले, दोनच्या आत आणलं असतं तर निदान प्रयत्न करता आले असते. घरी काय दिलं होतं, असं विचारलं, तर तोवर पोचलेले आमचे हे म्हणाले, छातीचं मलम लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यानं एवढं काही झालं नसणार, वेळ गेला त्यानं झालं.

मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. उलट कौतुक झालं, हे ऐका. दिवसाला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, सून असावी तर अशी, स्वतःचं औषध काढून सासूला लावलं. सुवर्णा गळ्यात पडून म्हणाली, "वहिनी, तू होतीस म्हणून आईला शेवटचे दोन तास तरी आराम मिळाला." मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

जीपमधलं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. शेवंता पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. मागं आडव्या सीटवर आत्ती, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. गाव मागं पडलं तशी मी त्यांच्या कानाशी वाकले. आता सांगून काय उपयोग होता? पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, आत्ती, मला छातीचं काही नव्हतं. मला खाली चीर पडली होती, शौचाच्या जागी. रक्त जायचं. ते मलम त्याचं होतं. मी लाजेनं बोलले नाही, आणि आता तुमचा जीव घेतला.

मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नसेल. डोळे मिटलेले होते. बऱ्याच वेळानं ओठ हलले.

"त्या मलमानं बरं हुतंय ते?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "हो आत्ती. मी बरी झाले. दोन महिन्यांत."

"कापाय लागत न्हाई?"

"नाही."

जीप खड्ड्यातनं गेली तसा त्यांनी माझा पदर मुठीत धरला. मग म्हणाल्या, "मला हनमंताच्या टायमापास्नं हाय. तीस वर्सं झाली. मला कुटं ठावं, असलं औषीद असतंय म्हनून."

हनमंत म्हणजे आमचे हे. त्यांचा थोरला.

तीन महिने ती ट्यूब त्यांच्या देवळीत होती. रोज सकाळी त्या तिच्यापुढं उदबत्ती फिरवत होत्या. मी एकदा मोकळी झाले असते, नुसतं त्यांच्या कानात सांगितलं असतं, तर त्यांची म्हातारपणी तरी एक सकाळ सुखाची गेली असती. आणि माझ्यावर संडासाच्या दाराबाहेरून ओरडणारी बाई आपल्या वेळेला आत दातावर दात आवळून बसत होती, हे मला तेव्हा कळलं.

शेवटचं त्या बोलल्या ते असं: "सुवर्णीला सांगून ठेव. पोरीच्या जातीला हुतंय." त्यानंतर बोलल्या नाहीत.

मी सुवर्णाला सांगितलं नाही. तिचं लग्न झालं तेव्हा नाही, त्यानंतरही नाही. नुसतं मलमाचं नाव सांगून भागलं नसतं. ते मलम कशाचं हे म्हटलं की पुढचा सगळा दिवस सांगावा लागणार होता, एक वाजल्यापासनं साडेतीनपर्यंत. सहा वर्षं मी ते ढकलत आणलं. मग ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ महिन्याचं असताना एका सकाळी बघितलं, ती मोरीच्या भिंतीला कपाळ टेकून उभी होती आणि ताटातली भाकरी तशीच होती. मी काय झालं विचारलं. म्हणाली, काही नाही वहिनी.

मी दार ओढून घेतलं आणि तिला खाली बसवून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सोपानची टोपीसुद्धा सांगितली. ती ऐकत होती आणि बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. माझं बोलून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "दोनदा दारापर्यंत गेलीस?" मी म्हटलं, दोनदा.

दुपारी मी तिला अष्टेकर मॅडमकडं घेऊन गेले. बाळ अंगावर पीत होतं, ते बघून मॅडमनी तिला चालेल असं औषध दिलं. जाताना, येताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. दीड महिन्यात बरी झाली, कापावं लागलं नाही. बाराव्या आठवड्यात तिचे मालक न्यायला आले.

त्याला आता अकरा वर्षं होतील. भावाशी तिचं चांगलं आहे, त्याला तिनं काही सांगितलेलं नाही. दर भाऊबीजेला येते, ओवाळते, तेजूच्या हातात काहीतरी ठेवते आणि माझ्याशी न बोलता उठते. मी चहा ठेवलेला असतो. तो ती घेत नाही.